फुटबॉल घालणारे सभासद

डिंगोऱ्यात गेणूला सहसा कुणी नावानं हाक मारत नाही. शेकेटरी म्हणतात. एकतीस वर्षं त्यानं दूध संस्थेचं दप्तर सांभाळलं आणि एकतीस वर्षांत तपासणीला आलेल्या एकाही साहेबाला त्यात खोट सापडली नाही. हे तो स्वतः सांगतो, न विचारता सांगतो, आणि दर खेपेला पहिल्यांदाच सांगतोय असं सांगतो. त्याच्या बायकोनं, ठकूबाईनं, त्याला दुसरं नाव ठेवलंय, चौकशा. रस्त्यानं गेलेल्या टेम्पोत काय भरलंय ते कळल्याशिवाय ह्या माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही, असं तिचं म्हणणं. ते काही खोटं नाही.

तर अशा माणसाच्या गळ्यात म्हातारपणी फुटबॉल पडला.

झालं असं, की गावातली वीस-बावीस पोरं शाळेमागच्या मैदानावर फुटबॉल खेळायला लागली होती. त्यांना शिकवायला वृषाली यायची. मूळची बोरी बुद्रुकची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. तिचे चुलते अजून दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरतात. ही मात्र खेळाचं शिक्षण घेऊन ओतूरला खोली करून राहिली होती, आणि रोज संध्याकाळी स्कूटीवरून डिंगोऱ्याला यायची. जिल्ह्याच्या चौदा वर्षांखालच्या स्पर्धेत संघ उतरवायचा तर मंडळ नोंदवलेलं हवं, असं कळलं. मग अध्यक्ष कोण? तर सोमाजी. दूध संस्थेचे चेअरमन तेच, मैदान सपाट करायला जेसीबी पाठवला तो त्यांनीच, आणि पोरांतला सगळ्यात तरबेज खेळाडू सार्थक हा त्यांचाच नातू. सचिव कोण, हे तर विचारायलाच नको.

नोंदणीला नियमावली लागते. गेणूनं फुटबॉल कधी पायानं शिवला नव्हता, पण नियमावली म्हणजे काय हे त्याच्याइतकं तालुक्यात कुणाला ठाऊक नव्हतं. त्यानं दूध संस्थेच्या पोटनियमांची फाईल काखेत मारली आणि ई-सेवा केंद्रात श्रेयापुढं टाकली. श्रेया कॉम्प्युटरवर बसायची.

"पोरी, ह्यात जिथं जिथं दूध आसंल तिथं तिथं फुटबॉल घाल."

तिनं एक कळ दाबली आणि दोनशे ठिकाणी फुटबॉल घातला.

आता आपल्याकडं डेअरीला दूध देत नाहीत, घालतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचं सांगायला नको. 'जो सभासद संस्थेस नियमित फुटबॉल घालील'. 'म्हशीच्या फुटबॉलास वेगळा दर राहील'. 'फुटबॉलात पाणी आढळल्यास तो परत केला जाईल'. गेणूनं रात्रभर बसून लाल पेनानं एकेक वाक्य खुडलं. म्हशी काढल्या, पाणी काढलं, फॅट काढली. 'फुटबॉल घालील' होतं तिथं 'मैदानावर हजर राहील' केलं आणि स्वतःवरच खूश झाला. शब्द बदलले. अर्थ काय राहिला, तेवढा बघायचा राहिला. कागद रीतसर होता, बेकायदा त्यात काही नव्हतं. मंडळाची नोंदणी झाली आणि नियमावली गेणूच्या ट्रंकेत गेली. पुन्हा कुणी ती उघडली नाही.

सचिव म्हणून हजेरी घ्यायला गेणू पहिल्या दिवशी मैदानावर गेला तो तिथंच अडकला. कारण त्याला एक कोडं पडलं. ही बाई ओरडत का नाही?

त्यानं टीव्हीवर पाहिलेले कोच हातवारे करायचे, घसा फोडायचे. ही कडेला बसायची. मध्येच शिट्टी मारून खेळ थांबवायची आणि पोरांना जवळ घेऊन एवढंच विचारायची, "काय दिसलं?" पोरं सांगायची. कुणी म्हणायचं उजवीकडं मोकळं होतं, कुणी म्हणायचं आम्ही सगळे एकाच जागी गोळा झालो. मग ती म्हणायची, "मग काय करायचं?" तेही पोरंच सांगायची. पहिला महिनाभर गेणूची खात्री होती, की हिला खेळातलं काही कळत नाही, म्हणून ही पोरांना विचारून घेते.

शेवटी त्यानं विचारलंच. "म्याडम, तुमी सांगत का न्हाई? पगार तर सांगायचाच घेता ना?"

वृषाली हसली. "नाना, त्या भागूकडं बघा. तो काय करतोय ते उद्या मला सांगा."

भागू म्हणजे सगळ्यात बारकं पोरगं. जिकडं बॉल नाही तिकडं पळायचं. गेणूनं एक दिवस बघितलं, दोन दिवस बघितलं. गाढव आहे, असं त्याचं मत झालं. आठव्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं, की भागू उगाच पळतो तेव्हा समोरच्या संघाचा एक गडी त्याच्यामागं पळतो, आणि तो गडी जिथून हलला तिथं सार्थकला वाट मिळते. गेणूला एवढा आनंद झाला की घरी येऊन त्यानं ठकूबाईला ताट, वाटी आणि दोन लसणाच्या पाकळ्या मांडून ते समजावलं. ठकूबाईनं लसूण उचलून फोडणीत टाकला.

त्या दिवसापासून त्याचं एकाही दिवसाचं मैदान चुकलं नाही. हजेरीच्या वहीत सगळ्यात वर तो स्वतःचं नाव लिहायचा. दूध संस्थेतली सवय.

मग घोडेगावची स्पर्धा आली. डिंगोऱ्याची पोरं उपांत्य सामन्यापर्यंत पोचली. गावातनं दोन जीप भरून माणसं गेली, सोमाजी पहिल्या रांगेत खुर्चीवर. एक-एक बरोबरी, दहा मिनिटं राहिलेली, आणि सार्थक बाहेर आला, भागू आत गेला. पाच मिनिटांत समोरच्यांनी गोल मारला. सामना गेला.

सोमाजी तिथं काही बोलले नाहीत. मोठ्या माणसाचा राग घरी आल्यावर कळतो. आठवड्याभरात विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस काढायचा निरोप आला. विषय एकच, वृषालीबाईंना कमी करून पुण्याचे ऋषी सर यांची कोच म्हणून नेमणूक करणे. ऋषी सर एकदा येऊनही गेले. गळ्यात शिट्टी, आवाज असा की मैदानाकडंची कुत्रीसुद्धा रांगेत उभी राहिली असती.

गेणूला वाईट वाटलं. लई वाईट वाटलं. पण त्याच्या डोक्यात वाईटाच्या जोडीला एक भुंगाही होता. त्या दिवशी वृषालीनं सार्थकला खुणावलं कधी? गेणू तिच्यापासून चार हातांवर बसला होता. त्यानं खूण पाहिली नाही. आणि भरात आलेल्या गड्याला ती बाहेर काढेल, हे तिला आठ महिने बघणाऱ्या माणसाला पटत नव्हतं.

सभेच्या आदल्या संध्याकाळी त्यानं ट्रंक उघडली. सभा नियमाप्रमाणं चालवायची तर कलमं नजरेखालून घालावी, म्हणून नियमावली काढली. कलम नऊवर त्याचं बोट थांबलं. 'जो सभासद वर्षातून किमान एकशे ऐंशी दिवस मैदानावर हजर राहील, तोच क्रियाशील सभासद समजावा. मतदानाचा हक्क केवळ क्रियाशील सभासदास राहील.' दुधाच्या धंद्यात हे बरोबरच होतं. जो दूध घालतो त्यानंच मत द्यावं. पण इथं सभासद होते ते पोरांचे आईबाप, आणि त्यांतला कोण एकशे ऐंशी दिवस मैदानावर आला होता?

कलम दहा. अठरा वर्षांखालच्यास मत नाही. म्हणजे पोरं गेली. कलम अकरा. संस्थेच्या सेवकास मत नाही. म्हणजे वृषाली गेली. त्यानं हजेरीची वही काढली. सोमाजींची हजेरी चार दिवस. बाकीच्यांची दहा, पंधरा, फार तर वीस. एका सभासदाची मात्र दोनशे चौदा. सगळ्यात वर लिहिलेलं नाव.

गेणूनं दिवस पुन्हा मोजले. दोनशे चौदाच.

"काय झालं? भूत बघितल्यावाणी का बसला?" ठकूबाईनं विचारलं. त्यानं सांगितलं. तिला सगळं कळलं नाही, पण कामापुरतं कळलं.

"हे अजून कुणी वाचलंय?"

"न्हाई."

"मग घाला ते पुन्हा ट्रंकंत. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकतीस वर्सं नाव कमावलं, आन आता आपल्याच तोंडानं सांगणार, की मी फुटबॉल घातला?"

खरं होतं तिचं. डिंगोऱ्यात पडलेलं नाव तीन पिढ्या पुरतं. बोलला तर नातवंडांनासुद्धा लोक म्हशीच्या फुटबॉलवाले म्हणतील. न बोलला तर उद्या चाळीस हात वर होतील आणि वृषाली परवापासून ओतूरहून निघायची नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शिवाय सगळ्या गावाच्या पोरांचं आपण एकट्यानं ठरवायचं, हे कुठल्या तोंडानं? आजवर त्यानं दुसऱ्यांचे ठराव लिहिले होते. स्वतःचं मत कधी कुणी मागितलं नव्हतं आणि त्यानंही ते कधी काढून ठेवलं नव्हतं. तो त्या रात्री जेवला नाही, आणि ह्या खेपेला कारण टेम्पो नव्हता.

रविवारी सकाळी भैरवनाथाच्या सभामंडपात चाळीसेक माणसं जमली. वृषाली मागं खांबाला टेकून उभी. सोमाजी चांगलं बोलले, वाकडा शब्द काढला नाही. बाईंनी कष्ट केले, गाव आभारी आहे, पण पोरांना आता कडक हात पाहिजे. माना डोलल्या.

"तर मग, बाजूनं ज्यांचं मत आसंल..."

"थांबा चेअरमन," गेणू उठला. "मत घ्यायच्या आधी एक कलम वाचायचंय."

वाचलं. कुणाला काही कळेना. मग त्यानं समजावलं, आणि समजावताना हा नियम आला कुठनं तेही सांगावं लागलं. दूध, श्रेया, कळ, म्हशीचा फुटबॉल, सगळं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मंडपात असा हशा उठला की देवळावरची कबुतरं उडाली. एकजण म्हणाला, "शेकेटरी, आमच्या गाईचा फुटबॉल पातळ हाय, चालंल का?" गेणू मान खाली घालून उभा राहिला.

सोमाजी हसले नाहीत. त्यांनी कागद मागून घेतला, चष्मा लावून वाचला, वही बघितली. दुधाच्या राजकारणात मुरलेला माणूस तो; दोन मिनिटांत त्यांना सगळं कळलं.

"म्हंजी मत फकस्त तुझं."

"व्हय."

"आन बाकी आमी?"

"बसायला हरकत न्हाई."

आता कुणी हसलं नाही. मताचा हक्क असलेला माणूस एकच, म्हणजे गणपूर्ती नव्हती, म्हणून नियमाप्रमाणं सभा अर्धा तास तहकूब झाली. अर्ध्या तासानं जेवढे असतील तेवढ्यांत कामकाज. चहा आला.

सोमाजींनी गेणूला पारामागं नेलं. "गेणू, तुला शेकेटरी कुणी केला?"

"तुमी."

"मग? ऋषी सरांना मत दे आन मोकळा व्हय. ही नियमावली आपून नवीन करू. म्हशीचं मी कुणाला पुन्हा बोलू द्यायचा न्हाई. माझा शब्द." आणि सोमाजींचा शब्द म्हणजे शब्द होता, हेच तर अवघड होतं. ते गेणूचं वाईट चिंतत नव्हते. नातवाला जिंकताना बघायला गेले होते आणि त्याला कडेला बसलेलं बघून आले होते, एवढंच त्यांचं दुखणं.

गेणू तिथून निघाला तो वृषालीकडं. ती स्कूटीवर बसून होती, चहा हातात तसाच.

"म्याडम, पंधरा दिस डोक्यात भुंगा हाय. तुमी सार्थकला खुणावलं कवा?"

तिनं चहा तसाच ओतून दिला. मग म्हणाली, "खुणावलंच नाही. मी पाण्याच्या बाटल्या भरत होते."

"मग?"

"प्रत्येक सामन्यात सगळ्यांना थोडा तरी वेळ मिळालाच पाहिजे, हा नियम पोरांनीच केलाय, जुलैमध्ये. सुचवला सार्थकनं. त्या दिवशी भागूचा वेळ राहिला होता. सार्थक स्वतःहून बाहेर आला. भागूच्या पाठीवर थाप मारली आणि बाहेर आला." तिचे डोळे भरले होते आणि तिला त्याचाही राग आला होता. "तो राहिला असता तर जिंकलो असतो, नाना. मला कळत नाही का? मीसुद्धा त्या रात्री रडले."

"आवो, मग हे सांगा की चेअरमनला. आत्ता सांगा."

"नाही. उद्यापासून घरी, शाळेत, सगळे त्या पोराला म्हणतील, तुझ्यामुळं हरलो. तेरा वर्षांचा आहे तो. हरलो ते माझ्या नावावर राहू दे. तुम्हीही सांगायचं नाही. शपथ घ्या."

गेणूनं गळ्याला हात लावला. कोडं सुटलं होतं. आणि सुटल्याक्षणी त्याच्या तोंडाला कुलूप लागलं होतं. असलं संकट चौकस माणसाच्या वाट्याला कधी येऊ नये.

अर्धा तास झाला. सोमाजींनी ठराव वाचला. वृषालीबाईंना कमी करून ऋषी सरांना नेमावं. बाजूनं कोण?

गेणूचे दोन्ही हात मांडीवर.

विरोधात?

हात वर करायला असा काय वेळ लागतो? एरवी लागत नाही. गेणूला वाटलं, कुणी दुधाचा भरलेला कॅन धरायला दिलाय. पण गेला हात वर. सगळ्या मंडपात एकच हात.

"कारण सांग," सोमाजी म्हणाले. आवाज थंड होता.

"सांगता येत न्हाई."

"दोनशे चौदा दिस बसला, आन कारण सांगता येत न्हाई?"

"बसलो म्हणूनच मत दिलं, चेअरमन. सांगून कळन्यासारखं आसतं, तर मी पयल्याच दिवशी घरी गेलो आसतो."

सोमाजी उठले. टोपी नीट केली. "ठीक हाय. नियम तो नियम. मग उद्यापासनं मी बी येतो. एकशे ऐंशी दिस भरतो, आन पुढल्या सभंला बघतो." ते गेले, आणि त्यांच्यामागं निम्मा मंडप गेला. गेणूच्या बाजूला त्या दिवशी प्रसाद घ्यायलाही कुणी थांबलं नाही.

आले की ते खरंच. दुसऱ्या दिवशी पाचला सोमाजी मैदानावर. खुर्ची घरून आणली होती. गेणूनं वहीत त्यांचं नाव लिहिलं. दोघांत शब्द नाही. त्यांच्यामागोमाग त्यांच्या गटाचे आठ-दहा बाप यायला लागले, तेही दिवस भरायला. वृषालीनं एकच अट घातली, की बघणाऱ्यांनी ओरडायचं नाही. पहिले चार दिवस सोमाजी दात खाऊन गप्प बसले. पुढं दात खायचे थांबले आणि नुसते गप्प बसले. दहाव्या-बाराव्या दिवशी ते स्वतःशीच पुटपुटले, "हे बारकं पोरगं उलटंच का पळतंय?" गेणूला सांगायची अशी उबळ आली की त्यानं जीभ दाताखाली धरली.

सतराव्या दिवशी ओतूरची पोरं खेळायला आली. डिंगोरं एका गोलनं मागं. बॉल रेषेबाहेर गेला आणि सार्थकनं मैदानाच्या मधोमध उभं राहून कडेच्या पोरांकडं बघितलं. मग चालत बाहेर आला. भागूच्या पाठीवर थाप मारली. भागू आत पळाला.

सोमाजी खुर्चीतून अर्धे उठले आणि वृषालीकडं वळले. वृषाली मैदानाकडं पाठ करून एका पोराच्या बुटाची नाडी बांधत होती. तिनं काहीच पाहिलं नव्हतं. सोमाजी तिच्याकडं बघत राहिले, मग नातवाकडं. सार्थक गवतावर बसून पाणी पीत होता आणि आत भागूचं काय चाललंय ते मान लांब करून बघत होता. त्याच्या तोंडावर कसलंही दुःख नव्हतं.

सोमाजी हळूच खाली बसले. सतरा दिवसांत पहिल्यांदा त्यांनी गेणूकडं तोंड केलं.

"घोडेगावला बी आसंच?"

गेणू गप्प. शपथ होती.

सोमाजींना गेणूचं गप्प बसणंही वाचता येत होतं. तीस वर्षं सभांमध्ये शेजारी बसलेले ते. त्यांनी डोळ्यांवरून उपरण्याचं टोक फिरवलं.

"आन मी मंडपात हुभा राहून त्या पोरीला..." ते थांबले. "मला कुणी सांगितलं का न्हाई रं?"

"तुमी कुणाला इचारलं?" गेणू म्हणाला.

बॉल पुन्हा खेळात आला होता. सोमाजींनी खुर्ची रेषेपासून जरा मागं घेतली आणि दोघं बघत बसले.